'पुरावशेष' ते 'साहित्य' : रॉयल आयरिश अकादमी आणि आयरिश हस्तलिखितांची दोन शतके

२८ जानेवारी १७८६ रोजी डब्लिनमधील एका नव्या विद्वत्सभेला राजा तिसरा जॉर्ज याची सनद मिळाली आणि 'रॉयल आयरिश अकादमी' ही संस्था अधिकृतपणे अस्तित्वात आली. त्यानंतर पाचच दिवसांनी, २ फेब्रुवारी १७८६ रोजी, कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीपुढे सर विल्यम जोन्स यांनी आपले तिसरे वार्षिक भाषण दिले. संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन या भाषा एकाच मूळ स्रोतातून निघाल्या असाव्यात, हे त्यांचे प्रसिद्ध प्रतिपादन या भाषणातले. त्याच ओघात गॉथिक आणि केल्टिक या भाषांचाही संबंध त्याच मुळाशी असावा, असे त्यांनी सुचविले होते. आयरिश ही केल्टिक कुळातील सर्वांत जुनी आणि विपुल लिखित परंपरा असलेली भाषा. परंतु तिच्याविषयीचे हे अनुमान सिद्ध होण्यास आणखी अर्धे शतक लागावयाचे होते. त्या भाषेतील ग्रंथसंपत्तीला 'साहित्य' ही संज्ञा निर्विवादपणे मिळण्यास तर त्याहूनही अधिक काळ लागला.

हस्तलिखिते गोळा करणारी संस्था आणि त्या हस्तलिखितांना साहित्य म्हणून वाचणारी दृष्टी या दोन गोष्टी एकाच वेळी जन्माला येतातच असे नाही. या दोहोंमधील अंतराचा अभ्यास करण्यासाठी रॉयल आयरिश अकादमीचा इतिहास विशेष उपयुक्त आहे. विज्ञान, इतिहास आणि संस्कृती या तिन्ही क्षेत्रांत या संस्थेने मोठे कार्य केले. प्रस्तुत लेखात त्या कार्यातील एका सूत्राचा, म्हणजे आयरिश भाषेतील ग्रंथांच्या अकादमीमधील स्थानाचा, विचार केला आहे.

सनदेतील तीन दालने

अकादमीच्या सनदेत तिचे उद्दिष्ट तीन शब्दप्रयोगांत मांडलेले आहे : विज्ञान, शिष्ट वाङ्मय आणि पुरावशेष. १७८७ पासून निघू लागलेल्या तिच्या 'ट्रॅन्झॅक्शन्स' या नियतकालिकाची रचनाही याच तीन विभागांत होती आणि प्रत्येक विभागाला स्वतंत्र पृष्ठक्रमांक दिलेले असत. ही विभागणी त्या काळच्या युरोपीय विद्वत्सभांच्या रूढीला धरून होती, तरी आयर्लंडच्या संदर्भात तिला वेगळा अर्थ प्राप्त झाला. शिष्ट वाङ्मय म्हणजे ग्रीक, लॅटिन आणि आधुनिक युरोपीय भाषांतील वाङ्मय व त्याची मीमांसा, असे गृहीत धरलेले होते. आयरिश भाषेतील जे काही हाती येईल ते पुरावशेषांच्या दालनात जमा होत असे. पहिल्याच खंडात मॅथ्यू यंग यांनी स्कॉटलंडच्या डोंगराळ प्रदेशातून १७८४ मध्ये जमविलेली फियान वीरांविषयीची गेलिक काव्ये प्रसिद्ध झाली. मॅकफर्सन याच्या 'ओसियन'वरून सर्व युरोपात वाद माजलेला असताना ही काव्ये छापणे महत्त्वाचे होते. परंतु ती छापली गेली पुरावशेषांच्या विभागात. काव्य असूनही ते वाङ्मय नव्हते, ते गतकाळाचे साधन होते.

या वर्गीकरणामागे द्वेषबुद्धी होती असे मात्र म्हणता येत नाही. अकादमीचे पहिले अध्यक्ष अर्ल ऑफ चार्लमाँट हे आयरिश देशाभिमानी सरदार होते. कॅथलिकांवर अनेक कायदेशीर निर्बंध असतानाही चार्ल्स ओ'कॉनर यांच्यासारख्या कॅथलिक पंडिताला अकादमीने सदस्यत्व दिले. पुराणकालीन ग्रंथ मिळविण्याची तिची तळमळही खरी होती. 'बुक ऑफ बॅलिमोट' हा चौदाव्या शतकाच्या अखेरचा संग्रह १७८५ मध्येच तिच्याकडे आला. 'बुक ऑफ लेकन' पॅरिसच्या आयरिश महाविद्यालयातून १७८७ मध्ये मायदेशी आणण्यात आला आणि 'लावर ब्रॅक' हा धार्मिक ग्रंथांचा मोठा संग्रह १७८९ मध्ये विकत घेण्यात आला. स्थापनेपासून चार वर्षांच्या आत एवढी सामग्री जमा करणाऱ्या संस्थेची आस्था संशयास्पद ठरविता येत नाही. प्रश्न होता तो या सामग्रीकडे पाहण्याच्या चौकटीचा.

ही चौकट कोणाला बाहेर ठेवीत होती, हे एका छोट्या प्रसंगावरून दिसते. १७८९ मध्ये शार्लट ब्रुक यांचा 'रेलिक्स ऑफ आयरिश पोएट्री' हा ग्रंथ प्रसिद्ध झाला. मूळ आयरिश काव्ये आणि त्यांची इंग्रजी पद्यरूपांतरे एकत्र देणारा तो आद्य महत्त्वाचा ग्रंथ होय. आर्थिक विपन्नावस्थेत सापडलेल्या ब्रुक यांनी काही वर्षे आधी अकादमीच्या वास्तूची देखरेख करणाऱ्या गृहव्यवस्थापिकेच्या जागेसाठी अर्ज केला होता. तो नामंजूर झाला. आयरिश काव्याला 'काव्य' म्हणून इंग्रजी वाचकांपुढे मांडणाऱ्या स्त्रीला त्या वास्तूत सदस्य म्हणून प्रवेश नव्हताच, सेवक म्हणूनही तो मिळाला नाही.

मनोऱ्यांचा वाद आणि पुराव्याची शिस्त

पुरावशेषांच्या दालनात प्रारंभी कल्पनेचे राज्य होते. चार्ल्स व्हॅलन्सी हे लष्करी अभियंते अकादमीच्या संस्थापक सदस्यांपैकी एक. आयरिश लोक मूळचे फिनिशियन असून त्यांची भाषा पौर्वात्य भाषांशी जोडलेली आहे, असे ते उत्साहाने मांडीत. आयरिश आणि अतिदूरच्या भाषांतील शब्दांच्या नादसाम्यावर त्यांची प्रमेये उभी होती. ध्वनिनियमांचे शास्त्र अद्याप जन्मास यावयाचे होते, ही त्यांची अडचण. मूळ आयरिश ग्रंथ वाचण्याइतके भाषाज्ञान त्यांच्यापाशी नव्हते, हा त्यांचा दोष.

आयर्लंडभर विखुरलेल्या दगडी गोल मनोऱ्यांविषयी अशाच कल्पनांचे पीक आले होते. अकादमीने या विषयावर निबंधस्पर्धा जाहीर केली आणि १८३३ मध्ये जॉर्ज पेट्री यांच्या निबंधाला सुवर्णपदक दिले. प्रतिस्पर्धी हेन्री ओ'ब्रायन यांच्या मते हे मनोरे म्हणजे पूर्वेकडून आलेल्या बौद्धांनी उभारलेली लिंगपूजेची मंदिरे होती. पेट्री यांनी मनोऱ्यांची बांधणी, त्यांचे चर्च-अवशेषांशी असलेले सान्निध्य आणि आयरिश इतिवृत्तांतील त्यांचे उल्लेख एकत्र तपासले. हे मनोरे ख्रिस्ती मठांचे घंटाघर आणि आश्रयस्थान होते, हा त्यांचा निष्कर्ष १८४५ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाला आणि पुढे मान्य झाला.

या निष्कर्षापेक्षाही त्यामागील पद्धती अधिक महत्त्वाची ठरली. वास्तूचा अर्थ वास्तूतून आणि त्या देशाच्या भाषेतील लेखांतून लावावयाचा, हे तत्त्व त्यातून प्रस्थापित झाले. अर्थात त्यासाठी ते लेख वाचू शकणारी माणसे हवी होती.

पोथ्या, लेखनिक आणि भाषेचा ऱ्हास

ही माणसे विद्यापीठांतून आली नाहीत. १८३० नंतरच्या दशकात ऑर्डनन्स सर्व्हे या भूमापन खात्याच्या स्थलवर्णन विभागात पेट्री यांच्या हाताखाली जॉन ओ'डोनोव्हन आणि यूजीन ओ'करी हे दोघे काम करू लागले. ओ'डोनोव्हन किल्केनी परगण्यातले, ओ'करी क्लेअर परगण्यातले. दोघेही ग्रामीण कुटुंबांतून आलेले आणि पुढे एकमेकांचे साडू झालेले. ओ'करी यांचे औपचारिक शिक्षण जवळजवळ नव्हते आणि या खात्यात येण्यापूर्वी ते लिमरिकच्या मनोरुग्णालयात नोकरीस होते. परंतु घरातूनच त्यांना आयरिश भाषा आणि हस्तलिखिते वाचण्याची सवय मिळालेली होती. ब्रायन फ्रील यांच्या 'ट्रान्सलेशन्स' (१९८०) या नाटकामुळे ऑर्डनन्स सर्व्हे हे नाव तौलनिक साहित्याच्या अभ्यासकांना स्थलनामांच्या इंग्रजीकरणाचे प्रतीक म्हणून परिचित आहे. त्याच खात्याने आयरिश पांडित्याच्या पुनरुज्जीवनाला पहिले पगारी मनुष्यबळ दिले, ही त्या इतिहासाची दुसरी बाजू होय.

'ॲनल्स ऑफ द फोर मास्टर्स' हा १६३२ ते १६३६ या काळात मिहाल ओ क्लेरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी डोनेगलमध्ये रचलेला इतिवृत्तग्रंथ. पेट्री यांनी त्याच्या उत्तरार्धाची मूळ लेखनप्रत १८३१ मध्ये विकत घेऊन अकादमीला दिली. तिच्या आधारे ओ'डोनोव्हन यांनी सिद्ध केलेली सात खंडांची सानुवाद आवृत्ती १८४८ ते १८५१ या काळात प्रसिद्ध झाली. १८४४ मध्ये हॉजेस आणि स्मिथ या ग्रंथविक्रेत्यांचा हस्तलिखितसंग्रह अकादमीने घेतला. 'लेबर ना हिद्रे' म्हणजे 'भुऱ्या गाईचा ग्रंथ' त्यातूनच आला. बाराव्या शतकाच्या आरंभाच्या सुमारास क्लॉनमॅकनॉइस येथे लिहिलेल्या या ग्रंथाची ६७ चर्मपत्रे आज शिल्लक आहेत. संपूर्णपणे आयरिश भाषेत असलेला हा उपलब्ध हस्तलिखितांतील सर्वांत जुना ग्रंथ. 'टाइन बो कूलन्या' या वीरकथेचा सर्वांत जुना पाठ याच ग्रंथात आहे. गोधनाच्या हरणावरून पेटलेल्या युद्धाची ही कथा वाचताना महाभारतातील विराटपर्वातल्या गोग्रहणाची आठवण भारतीय वाचकाला होणे अगदी स्वाभाविक आहे.

त्याहून प्राचीन 'काहाख' हे हस्तलिखित १८४३ मध्ये अकादमीच्या स्वाधीन झाले. लॅटिन स्तोत्रांची ही पोथी परंपरेने संत कोलंबा याच्या हातची मानली जाते. 'काहाख' याचा अर्थ 'लढवय्या'. ओ'डॉनेल घराण्याच्या सैन्याभोवती युद्धापूर्वी ही पोथी उजवीकडून तीन प्रदक्षिणा घालून नेली जात असे. दुसऱ्याच्या पोथीची परवानगीवाचून नक्कल केली म्हणून उद्भवलेल्या तंट्याची आख्यायिकाही तिच्याशी निगडित आहे. गाईबरोबर वासरू तशी पोथीबरोबर तिची नक्कल मूळ धन्याची, असा निवाडा राजाने दिल्याचे त्या आख्यायिकेत सांगितले आहे. ग्रंथाची मालकी कोणाची, हा प्रश्न असा प्राचीन काळापासून आयरिश स्मृतीत वसत आलेला आहे.

१८३९ मध्ये कवी टॉमस मूर अकादमीत आले तेव्हाचा प्रसंग ओ'करी यांनी नोंदवून ठेवला आहे. मूर त्या वेळी आयर्लंडचा इतिहास लिहीत होते आणि त्याचे काही खंड प्रसिद्धही झाले होते. ओ'करी यांच्यासमोर पसरलेले प्रचंड आयरिश ग्रंथ पाहून ते स्तब्ध झाले. हे ग्रंथ आपल्याला ठाऊक नसताना आपण इतिहास लिहावयास घ्यावयास नको होता, अशी कबुली त्यांनी पेट्री यांच्याजवळ दिली. आयर्लंडचा राष्ट्रकवी म्हणून गौरविलेल्या लेखकाला स्वदेशाचे ग्रंथभांडार अपरिचित असावे, यातून इंग्रजीत लिहिणारे आयर्लंड आणि आयरिश बोलणारे आयर्लंड यांतील दरी स्पष्ट होते.

ही दरी त्याच दशकात भीषण रीतीने रुंदावली. १८४५ ते १८५२ च्या दुष्काळात सुमारे १० लाख लोक मृत्युमुखी पडले आणि जवळपास तितकेच देशांतरास गेले. त्यांत आयरिश बोलणाऱ्या गरीब जनतेचे प्रमाण मोठे होते. १८५१ च्या जनगणनेत आयरिश जाणणाऱ्यांची संख्या सुमारे १५ लाख भरली. १८९१ पर्यंत ती सुमारे ६ लाख ८० हजारांवर आली. ओ'डोनोव्हन यांचे सात खंड ज्या वर्षांत छापून झाले ती दुष्काळाचीच वर्षे होती. भाषा ग्रंथात सुरक्षित होत होती आणि ओठांवरून नाहीशी होत होती. अकादमीच्या कार्याचे मोल आणि त्याची मर्यादा या एकाच वस्तुस्थितीत सामावलेली आहे.

या काळातील आणखी एका कुटुंबाचा उल्लेख आवश्यक आहे. कॉर्क परगण्यातील ओ लाँगन हे लेखनिकांचे घराणे. मिहाल ओग ओ लाँगन यांनी आयुष्यभर पोथ्यांच्या नकला केल्या. त्यांचे पुत्र जोसेफ यांनी अकादमीच्या नोकरीत राहून जुन्या हस्तलिखितांच्या हुबेहूब प्रती हाताने तयार केल्या. 'लेबर ना हिद्रे'ची शिळाछाप प्रतिरूप आवृत्ती १८७० मध्ये निघाली ती त्यांच्याच हातची. युरोपभरच्या अभ्यासकांना आयरिश ग्रंथ घरबसल्या पाहता आले ते या वंशपरंपरागत लेखनिकाच्या लेखणीमुळे. प्रस्तावनांखाली सही मात्र प्राध्यापकांची असे.

सिमला, कलकत्ता, पुणे

केल्टिक भाषांचे इंडो-युरोपीय कुळातील स्थान १८३० नंतरच्या दशकात प्रिचर्ड, पिक्ते आणि बोप यांच्या लेखनाने निश्चित झाले. १८५३ मध्ये योहान कास्पार झॉइस यांनी 'ग्रमातिका केल्टिका' हा ग्रंथ सिद्ध करून प्राचीन आयरिशच्या व्याकरणाचा शास्त्रशुद्ध पाया घातला. या नव्या शास्त्रात पारंगत झालेला पहिला मोठा आयरिश पंडित म्हणजे व्हिटली स्टोक्स (१८३०–१९०९). त्यांचे वडील विल्यम स्टोक्स हे नामांकित वैद्य, पेट्री यांचे चरित्रकार आणि पुढे अकादमीचे अध्यक्ष. पेट्री, ओ'डोनोव्हन आणि ओ'करी यांचा सहवास त्यांना तरुणपणीच लाभला होता.

१८६२ मध्ये स्टोक्स वकिलीसाठी भारतात आले आणि १८७७ ते १८८२ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळाचे कायदा सदस्य होते. १८८२ चा मालमत्ता हस्तांतरण कायदा ज्या संहितीकरणातून निर्माण झाला त्यात त्यांचा प्रमुख वाटा होता. दिवसा हिंदुस्थानचे कायदे आणि उरलेल्या वेळात आयरिश पाठांचे संपादन असा त्यांचा क्रम होता. ओ'डोनोव्हन यांनी अनुवादिलेला 'कॉर्मकचा शब्दकोश' स्टोक्स यांच्या संपादनाखाली १८६८ मध्ये कलकत्त्यात छापला गेला. 'भुऱ्या गाईच्या ग्रंथा'तील 'फिस अडॉमनान' ही स्वर्ग-नरकदर्शनाची गद्यकृती त्यांनी १८७० मध्ये सिमल्यात भाषांतरासह छापविली. दान्तेच्या पूर्वसूरींचा शोध घेणाऱ्या अभ्यासकांनी पुढे ज्या कृतीची विशेष दखल घेतली, ती हिमालयाच्या कुशीत, मोजक्या प्रतींच्या आवृत्तीत मुद्रित व्हावी, हा तौलनिक साहित्याच्या इतिहासातील एक लक्षणीय योग होय.

याच स्टोक्स यांचे आणखी एक कार्य महाराष्ट्राच्या विद्याजीवनाशी थेट जोडलेले आहे. १८६८ मध्ये लाहोरचे पंडित राधाकृष्ण यांनी संस्कृत हस्तलिखितांच्या याद्या करण्याविषयी सरकारला पत्र लिहिले. त्यावर स्टोक्स यांनी शोध, सूची आणि खरेदी यांची तपशीलवार योजना मांडली आणि सरकारने ती स्वीकारली. मुंबई इलाख्यात हस्तलिखितांच्या संग्रहाचे काम १८६६ पासून सुरू झालेले होते. या योजनेने अशा प्रयत्नांना अखिल भारतीय स्वरूप आणि नियमित निधी दिला. ब्यूलर, कीलहॉर्न, पीटरसन आणि रा. गो. भांडारकर यांच्या परिश्रमांतून वाढलेला तो संग्रह डेक्कन कॉलेजातून पुढे १९१७ मध्ये स्थापन झालेल्या पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराकडे सोपविण्यात आला.

१८९९ ची साक्ष

ग्रंथांची प्रतिरूपे, संपादने आणि व्याकरण इतके सिद्ध झाल्यावर त्यांचे साहित्यमूल्यही आपोआप मान्य होईल, अशी अपेक्षा असते. आयर्लंडमध्ये घडले ते याच्या उलट. रॉबर्ट ॲटकिन्सन हे ट्रिनिटी कॉलेजात संस्कृत आणि तौलनिक भाषाशास्त्राचे प्राध्यापक होते. 'लिंग्विस्टिक सर्व्हे ऑफ इंडिया'चे प्रणेते जॉर्ज ग्रिअर्सन हे त्यांचेच विद्यार्थी. मराठीला वाहिलेला सातवा खंड ज्या सर्वेक्षणात १९०५ मध्ये प्रसिद्ध झाला, त्याच्या प्रणेत्याने संस्कृतचे धडे ॲटकिन्सन यांच्याकडे गिरवले होते. अकादमीसाठी ॲटकिन्सन यांनी 'बुक ऑफ लेन्स्टर' आणि 'बुक ऑफ बॅलिमोट' यांच्या प्रतिरूप आवृत्त्यांना प्रस्तावना लिहिल्या आणि 'लावर ब्रॅक'मधील धार्मिक प्रवचनांचे संपादन केले. आयरिश हस्तलिखिते त्यांच्याइतकी जवळून हाताळणारे फारच थोडे होते.

१८९९ मध्ये माध्यमिक शिक्षणाच्या चौकशी आयोगापुढे आयरिश भाषेला शालेय अभ्यासक्रमात स्थान असावे की नाही, हा प्रश्न आला. ॲटकिन्सन यांनी विरोधात साक्ष दिली. आयरिश साहित्यात कल्पनाशक्ती आणि आदर्शाची उंची नाही, त्यात असभ्य किंवा बाष्कळ मजकूर भरलेला आहे आणि लोककथा तर मुळातच हीन असतात, असा त्यांच्या साक्षीचा आशय होता. ट्रिनिटीचे दुसरे ख्यातनाम प्राध्यापक महाफी यांनीही हाच सूर लावला. गेलिक लीगचे डग्लस हाइड यांनी त्याला उत्तर दिले ते युरोपातील विद्वानांची मते मागवून. विंडिश, त्सिमर, कूनो मेयर, पेडरसन, दोतँ या पंडितांनी प्राचीन आयरिश साहित्याची महत्ता आयोगाला लेखी कळविली. आयरिश भाषेचे अभ्यासक्रमातील स्थान टिकले.

या वादाला व्यक्तिगत कलहापलीकडचे महत्त्व आहे. ॲटकिन्सन यांचे अज्ञान हे या साक्षीचे कारण नव्हते. त्यांना पाठ ठाऊक होते. परंतु सनदेतील जुनी चौकट त्यांच्या मनात तशीच कायम होती. आयरिश ग्रंथ भाषाशास्त्राच्या पुराव्यासाठी अमूल्य, पण मुलांच्या हाती देण्याजोगे वाङ्मय म्हणून निरुपयोगी. प्राचीन रूप संग्रहणीय आणि त्याच भाषेचे जिवंत रूप हीन, ही वसाहतकालीन पांडित्यात अनेक देशांत दिसणारी भूमिका इथे एका माणसाच्या तोंडून उघडपणे बाहेर आली. दोनच वर्षांनी, १९०१ मध्ये, ॲटकिन्सन अकादमीचे अध्यक्ष झाले. विद्वत्सभेच्या दृष्टीने ही साक्ष त्यांच्या लौकिकाला बाधक ठरली नाही.

न्यायालयातील समुद्रदेव

पुरावशेषांच्या दालनातील वस्तूंचा इतिहास याला समांतर आहे. काँगचा क्रूस गणिती जेम्स मॅककल्ला यांनी १८३९ मध्ये स्वतःच्या पैशाने घेऊन अकादमीला दिला. टारा ब्रोच आणि आर्डाचा चषक हेही तिच्याच संग्रहात आले. विल्यम वाइल्ड यांनी या संग्रहाची वर्णनात्मक सूची केली. १८९० मध्ये संग्रह नव्या राष्ट्रीय वस्तुसंग्रहालयात हलविण्यात आला.

१८९६ मध्ये उत्तरेकडील ब्रॉयटर येथे शेत नांगरताना वल्ह्यांसहित घडविलेल्या चिमुकल्या नावेसह सोन्याचा ठेवा सापडला. ब्रिटिश म्युझियमने तो ६०० पौंडांना विकत घेतला. अकादमीच्या बाजूने हा ठेवा राजसत्तेचा, म्हणून आयर्लंडमध्ये राहावयास हवा, असा दावा उभा राहिला आणि सरकारतर्फे एडवर्ड कार्सन यांनी तो लढविला. हा ठेवा समुद्रदेवाला वाहिलेला नवस होता, म्हणजे परत मिळविण्याच्या हेतूने पुरलेला नव्हता, हा बचावाचा मुद्दा होता. त्यासाठी मनॅनन या आयरिश समुद्रदेवाच्या कथा न्यायालयात चर्चिल्या गेल्या. १९०३ मध्ये न्यायालयाने नवसाची उपपत्ती फेटाळली आणि ठेवा डब्लिनला परत आला. ज्या पुराणकथांना चार वर्षांपूर्वी शिक्षणाच्या दृष्टीने कवडीमोल ठरविण्यात आले होते, त्यांची चर्चा करण्याची पाळी आता लंडनच्या न्यायासनावर आली होती.

विज्ञानाच्या दालनातून

अकादमीचे विज्ञानाचे दालन या कथेपासून अलिप्त नव्हते. विल्यम रोवन हॅमिल्टन हे १८३७ ते १८४६ या काळात तिचे अध्यक्ष होते, म्हणजे पेट्री आणि ओ'करी यांच्या सर्वांत भरीव वर्षांत. लहानपणी त्यांना अनेक भाषा शिकविण्यात आल्या होत्या. त्यांच्या वडिलांच्या एका अभिमानाने भरलेल्या पत्रात संस्कृत, हिंदुस्थानी, बंगाली यांबरोबर मराठीचाही उल्लेख आढळतो. १६ ऑक्टोबर १८४३ रोजी अकादमीच्या कार्यकारिणीच्या सभेचे अध्यक्षस्थान स्वीकारण्यासाठी पत्नीसह रॉयल कालव्याच्या काठाने चालत जात असताना त्यांना चतुर्दलांचे मूलसूत्र सुचले आणि ते त्यांनी पुलाच्या दगडावर कोरले. भूकंपांच्या अभ्यासाला गतिशास्त्राचा आधार देणारा रॉबर्ट मॅलेट यांचा निबंधही १८४६ मध्ये अकादमीपुढेच वाचला गेला.

परंतु तीन दालनांमधील भिंती खऱ्या अर्थाने खाली आल्या त्या १९०९ ते १९११ च्या क्लेअर आयलंड सर्वेक्षणात. पश्चिम किनाऱ्यावरील मेयो परगण्यातील या बेटाची रॉबर्ट लॉइड प्रेगर यांच्या नेतृत्वाखाली शंभरहून अधिक अभ्यासकांनी पाहणी केली. विज्ञानाला तोवर अज्ञात असलेल्या शंभरावर प्राणिजाती तीतून नोंदल्या गेल्या. त्याच अहवालमालेत बेटावरील स्थलनामे व कुलनामे यांवर ओइन मॅकनील यांचा निबंध आहे आणि वनस्पती-प्राण्यांची गेलिक नावे व त्यांच्याशी निगडित लोकसमजुती यांवरही स्वतंत्र निबंध आहे. शेवाळ, कीटक आणि शब्द यांची मोजदाद एकाच दस्तऐवजात झाली. बेटावरच्या माणसांच्या तोंडची भाषा हा या ठिकाणी पुरावशेष नव्हता, ती निरीक्षणाच्या दिवशी बोलली जाणारी गोष्ट होती. मॅकनील हे गेलिक लीगच्या संस्थापकांपैकी एक. १९१६ च्या उठावानंतर त्यांना जन्मठेपेची शिक्षा झाली. हेच मॅकनील १९४० ते १९४३ या काळात अकादमीचे अध्यक्ष होते.

कोशाची त्रेसष्ट वर्षे

प्राचीन आणि मध्ययुगीन आयरिशचा बृहत्कोश करण्याची कल्पना ओ'डोनोव्हन आणि ओ'करी यांच्या काळापासूनची. पुढे हे काम ॲटकिन्सन यांच्याकडे गेले, पण छपाईपर्यंत पोहोचले नाही. पहिला भाग निघाला १९१३ मध्ये. नॉर्वेजियन भाषाशास्त्रज्ञ कार्ल मार्स्ट्रांडर यांनी संपादिलेल्या या भागाचा आरंभ 'डी' या अक्षरापासून होता. शेवटचा भाग १९७६ मध्ये निघाला. या त्रेसष्ट वर्षांत दोन महायुद्धे, आयर्लंडचे स्वातंत्र्य आणि फाळणी घडून गेली. नव्या राज्यातही अकादमीने आपल्या नावातील 'रॉयल' हा शब्द ठेवला आणि सीमेच्या दोन्ही बाजूंच्या विद्वानांना सदस्यत्व देण्याचा परिपाठ चालू राहिला.

कोशाच्या दीर्घ वाटचालीत सर्वाधिक चिकाटीचे काम करणाऱ्यांत मॉड जॉइंट आणि एलनॉर नॉट या दोन स्त्रिया होत्या. 'ई' अक्षराचा १९३२ चा भाग त्यांनी सिद्ध केला. अकादमीने मेरी सॉमरव्हिल, कॅरोलाइन हर्शेल आणि मराया एजवर्थ यांना एकोणिसाव्या शतकात सन्माननीय सदस्यत्व दिले होते. पूर्ण सदस्यत्व मात्र स्त्रियांना मिळाले ते १९४९ मध्ये. त्या वर्षी निवडल्या गेलेल्या चौघींमध्ये एलनॉर नॉट होत्या. जॉइंट त्यापूर्वीच, १९४० मध्ये, वारल्या होत्या. शार्लट ब्रुक यांच्या नामंजूर अर्जापासून या निवडीपर्यंतचे अंतर सुमारे १६० वर्षांचे आहे.

कोशाने काय साधले, याचा विचार तौलनिक अभ्यासाच्या दृष्टीने करावयास हवा. प्रत्येक शब्दाखाली पद्य, कायदा, वैद्यक, संतचरित्र आणि वीरकथा यांतील प्रयोग एकत्र आले. शब्द एका 'दालना'त राहीनासा झाला. १९२६ मध्ये 'एर्यू' हे केल्टिक अभ्यासाचे नियतकालिक अकादमीकडे आले होते. तिच्या 'प्रोसीडिंग्ज'च्या तिसऱ्या विभागात पुरातत्त्व, केल्टिक अभ्यास, इतिहास, भाषाशास्त्र आणि साहित्य हे विषय एकत्र नांदू लागले. १७८७ ची तीन पृष्ठक्रमांकांची रचना अशी निराळ्या रूपात स्थिरावली.

१९७६ मध्ये जुना कोश संपला आणि त्याच वर्षी १६०० नंतरच्या आयरिशचा ऐतिहासिक कोश करण्याचा प्रकल्प हाती घेण्यात आला. जुना कोश २००७ मध्ये संगणकजालावर उपलब्ध झाला. १६०० ते १९२६ या काळातील आयरिश लेखनाचा विशाल संग्रह २०१७ मध्ये खुला झाला. ज्या शतकांतील भाषेला ॲटकिन्सन यांच्या पिढीने अभ्यासाबाहेर ठेवले, तीच आता अकादमीच्या कामाचा केंद्रविषय आहे.

समारोप

रॉयल आयरिश अकादमीने आयरिश हस्तलिखिते वाचविली, ही गोष्ट वादातीत आहे. ती नसती तर 'टाइन बो कूलन्या'चा सर्वांत जुना पाठ कदाचित उरला नसता. परंतु जतन आणि आकलन यांचा कालक्रम एक नसतो, हे तिच्या इतिहासावरून ध्यानात येते. आकलनाची प्रत्येक पायरी संस्थेच्या मध्यवर्ती वर्तुळाबाहेरच्या माणसांनी घडविली : सदस्यत्व नसलेली अनुवादिका, मनोरुग्णालयात नोकरी केलेला क्लेअरचा शेतकरीपुत्र, शिळाछापासाठी अक्षरे उतरविणारा लेखनिक, सिमल्यातला कायदेपंडित, परदेशी भाषाशास्त्रज्ञ, कोशाच्या चिठ्ठ्या लिहिणाऱ्या स्त्रिया. संस्थेचे मोठेपण त्यांना आरंभीच ओळखण्यात नव्हते. त्यांनी केलेले काम पुढच्या पिढ्यांना वापरता येईल अशा स्थितीत टिकवून ठेवण्यात ते होते.

म्हणूनच १८९९ ची साक्ष विसरण्याजोगी नाही. हस्तलिखितांचे सर्वांत जाणते अभ्यासकही वर्गीकरणाच्या सवयीमुळे साहित्याला अंध होऊ शकतात, याचे ते उदाहरण आहे. ज्या ज्या भाषेचा वारसा ग्रंथालयांच्या 'प्राचीन' कप्प्यात ठेवलेला आहे आणि ज्या भाषेचे बोलणारे त्या ग्रंथालयाच्या दाराबाहेर आहेत, तेथे हा प्रश्न आजही तसाच उभा राहतो : या पोथीची नक्कल कोणाकडे आहे हे विचारून झाल्यावर, ती वाचण्याचा अधिकार आणि सामर्थ्य कोणाकडे आहे, हेही विचारणे अटळ ठरते.